पाद्र्यांचे अनुदान-अर्ज : एका निवृत्त कारकुनाची प्रकल्पवही

८ मे २०२४, ओटावा

मुलीकडे येऊन तीन आठवडे झाले. इथल्या मराठी वाचनकट्ट्याने ऑगस्टमध्ये चाळीस मिनिटे बोलायला सांगितले आहे. विषय मोकळा, फक्त "इथल्या मातीतला असावा, आजोबा" एवढीच सूचना. रविवारी जावईबापूंनी पर्थला नेले होते. ओटावापासून ऐंशी किलोमीटर, टे नदीच्या काठचे दगडी घरांचे टुमदार गाव. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनासाठी या गावाने बावीस हजार पौंड वजनाचे चीज बनवून पाठवले, ही तिथली मोठी ख्याती. त्यावर बोलावे असे नातवाचे मत आहे.

मला मात्र वेगळेच सापडले. १८१७ च्या जूनमध्ये विल्यम बेल नावाचे प्रेस्बिटेरियन पाद्री स्कॉटलंडहून या गावात आले. गाव तेव्हा एक वर्षाचे, लष्करी वसाहत म्हणून जंगल तोडून वसवलेले. बेलना वर्षाला १०० पौंड पगार होता आणि तो ब्रिटिश सरकार देत होते. सरकारचे अधिकृत चर्च मात्र अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडचे चर्च. मग या माणसाचा पगार कुठल्या लेखाशीर्षाखाली निघत होता?

चौतीस वर्षे एका जिल्हा कार्यालयाच्या अनुदान शाखेत काढली. असा प्रश्न पडला की झोप येत नाही. विषय ठरला: एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्रेस्बिटेरियन पाद्र्यांनी सरकारकडे केलेले अर्ज.

११ मे

संगणकावर तक्ता आखला. रकाने असे: कोण, कोणाकडे, केव्हा, किती, कारण, शेरा. 'कारण'मध्ये गरिबी, अंतर, मोडके चर्च असे काही येईल हा अंदाज. आमच्याकडे येणाऱ्या अर्जांत तेच असायचे.

शब्दांची सोय आधी लावून घेतली. प्रेस्बिटेरियन म्हणजे बिशप न मानणारे प्रोटेस्टंट. कारभार पाद्री आणि निवडलेले वडीलधारे मिळून सभेने चालवतात. हेच स्कॉटलंडचे अधिकृत चर्च. म्हणजे एकाच राजाच्या राज्यात इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमेच्या अलीकडे एक चर्च सरकारी आणि पलीकडे दुसरे. १७०७ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंड एक झाले तेव्हा दोन्ही चर्चना कायम राखण्याचे वचन दिले गेले. वसाहतीत कोणते चर्च सरकारी, हे कोणी लिहून ठेवले नाही. पुढचे सगळे अर्ज त्या कोऱ्या जागेवर लिहिलेले दिसतात.

त्यातही स्कॉटलंडच्या चर्चमधून फुटून निघालेले गट होते, त्यांना सिसेडर म्हणत. बेल त्यांतले.

पाद्र्याच्या सरकारी पगाराला 'वर्षासन' लिहायचे ठरवले. मुलगी म्हणाली, "बाबा, जुनाट वाटतं." वाटू दे. शब्द नेमका आहे.

१६ मे

ओळ क्रमांक १: जॉन बेथ्यून. जन्म १७५१, स्कॉटलंडचे स्काय बेट. अमेरिकन क्रांतीच्या युद्धात राजाच्या बाजूच्या हायलँडर पलटणीचे पाद्री होते आणि कैदेतही पडले. १७८७ पासून ग्लेनगॅरीत, इथून पूर्वेला विल्यम्सटाउनजवळ. सरकारकडून वर्षाला ५० पौंड. शेरा: माजी सैनिक, राजनिष्ठा सिद्ध. असा अर्ज कोणत्याही कचेरीत अडत नाही.

गंमत पुढे आहे. या प्रेस्बिटेरियन पाद्र्याची दोन मुले अँग्लिकन झाली. एक मॉन्ट्रियलचा डीन, दुसरा टोरंटोचा बिशप. ज्या चर्चकडे सरकारी जमीन होती तिकडे मुले गेली, असे मी लिहिले आणि मग खोडले. माणसाच्या श्रद्धेचा हिशेब माझ्या तक्त्यात बसत नाही. तिसरा मुलगा अँगस फरच्या व्यापारात गेला. त्याचा पणतू डॉ. नॉर्मन बेथ्यून.

हे नाव वाचले आणि चहा गार झाला. आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनमध्ये ज्या रुग्णालयाचे पहिले प्रमुख झाले, ते याच बेथ्यूनच्या नावाचे. कट्ट्यावर ही गोष्ट सांगणारच, विषयाला धरून असो वा नसो.

२२ मे

आज मूळ मुद्द्याला हात घातला. १७९१ च्या कायद्याने कॅनडाचे दोन भाग झाले. त्याच कायद्यात तरतूद होती की, सरकार जी जमीन वाटेल तिच्या सातव्या हिश्शाइतकी जमीन 'प्रोटेस्टंट धर्मसेवकां'च्या निर्वाहासाठी राखून ठेवावी. वरच्या भागात, म्हणजे अपर कॅनडात, आजच्या ओंटारिओत, ही राखीव जमीन वाढत वाढत सुमारे चोवीस लाख एकर झाली. ती एका ठिकाणी नव्हती. बुद्धिबळाच्या पटासारखी वसाहतकऱ्यांच्या शेतांमध्ये विखुरलेली होती. तुमच्या शेजारचा तुकडा राखीव असेल तर तिथे जंगल तसेच उभे. समोरचा रस्ता कोण करणार? कोणीच नाही. १८१७ मध्ये रॉबर्ट गोर्ले या स्कॉट माणसाने गावोगाव प्रश्नावली पाठवून वसाहतीची वाढ कशाने खुंटली असे विचारले, तेव्हा उत्तरांत या पडीक राखीव जमिनींची तक्रार पुन्हा पुन्हा आली. प्रश्न विचारणाऱ्याला १८१९ मध्ये हद्दपार केले. कार्यालयीन पद्धत जगभर एकच.

आणि चोवीस लाख एकरांचे उत्पन्न किती? १८१९ मध्ये वर्षाला सुमारे ७०० पौंड! लोकांना जमीन फुकट मिळत असताना भाड्याने कोण घेणार?

त्याच वर्षीचा नायगारा गावच्या प्रेस्बिटेरियन रहिवाशांचा अर्ज वाचला. अमेरिकेबरोबरच्या १८१२ च्या युद्धात त्यांचे चर्च जळून गेले होते. लेफ्टनंट गव्हर्नर पेरेग्रिन मेटलँड यांच्याकडे मागणी: पाद्र्यासाठी वर्षाला १०० पौंड, राखीव जमिनीच्या निधीतून किंवा आपल्या हाती असलेल्या अन्य निधीतून.

'किंवा अन्य निधीतून' या शब्दांवर मी पाच मिनिटे थांबलो. अर्ज लिहिणारा अनुभवी असावा. पहिल्या शीर्षात पैसे नाहीत हे त्याला माहीत होते, तरी त्याचे नाव आधी घातले, कारण त्याला शंभर पौंडांबरोबर एक निकालही हवा होता. 'प्रोटेस्टंट'मध्ये आम्ही येतो की नाही?

मेटलँडनी निर्णय न देता प्रकरण वर, लंडनला पाठवले. मीही तेच केले असते.

२४ मे

'कारण' रकान्याचे दोन केले: 'गरज' आणि 'हक्क'.

२ जून

लंडनचा अभिप्राय १८१९ च्या नोव्हेंबरचा. सरकारच्या कायदेपंडितांनी सांगितले की ही तरतूद स्कॉटलंडच्या चर्चच्या पाद्र्यांपर्यंत नेता येईल, कारण ते चर्च कायद्याने मान्य आहे. त्याबाहेरच्या, वेगळ्या चुली मांडलेल्या पाद्र्यांना मात्र नाही.

वाचायला सोपे वाटते, पण याने घोळ वाढला. त्या वेळी अपर कॅनडात काम करणारे बरेचसे प्रेस्बिटेरियन पाद्री फुटून निघालेल्या गटांचेच होते. विल्यम बेल, ब्रॉकव्हिलचे विल्यम स्मार्ट आणि इतर यांनी १८१८ मध्ये आपली एक सभा उभी केली होती. म्हणजे जे पाद्री चिखल तुडवत गावोगाव जात होते ते अपात्र, आणि जे अजून स्कॉटलंडहून निघालेही नव्हते ते पात्र.

बेल तर विलक्षणच. १८१५ मध्ये सरकारने स्कॉटलंडमधून वसाहतकरी नेताना पाद्री आणि शिक्षक देऊ, असे कबूल केले होते. लोकांनी पाद्री मागितला तो सिसेडरांकडे. सरकारने तो मान्य करून १०० पौंड लावले. शिक्षकाला ५०. म्हणजे बेल हे कायदेपंडितांच्या व्याख्येत बसत नाहीत, पण पगारपत्रकात आहेत. राखीव जमिनीतून नाही, सरकारच्या वेगळ्या खर्चातून.

१८१९ मध्येच पर्थला अँग्लिकन पाद्री आले. १८३० मध्ये स्कॉटलंडच्या अधिकृत चर्चचेही आले. एवढ्याशा गावात आता दोन प्रकारचे प्रेस्बिटेरियन. १८३५ मध्ये बेल स्वतःच अधिकृत चर्चच्या सभेत दाखल झाले. त्यांच्या डायऱ्यांची बाडे किंग्स्टनला क्वीन्स विद्यापीठात आहेत. जावईबापूंना रजा मिळाली तर जाऊ.

बेलची ओळ पिवळी करून ठेवली. कुठे घालावी कळत नाही.

९ जून

आज आयर्लंड. तिथे प्रेस्बिटेरियन पाद्र्यांना राजाकडून 'रेगियम डोनम' मिळे, शब्दशः राजदान. दुसऱ्या चार्ल्सने १६७२ मध्ये सुरू केले, तिसऱ्या विल्यमने १६९० मध्ये वर्षाला १२०० पौंडांवर नेले. शंभर वर्षे ही रक्कम एकगठ्ठा यायची आणि मंडळी आपसांत वाटून घ्यायची.

१७९८ मध्ये आयर्लंडात ब्रिटिश सत्तेविरुद्ध उठाव झाला. उत्तरेकडच्या अल्स्टरमधले कित्येक प्रेस्बिटेरियन त्यात होते. ग्रेअ‍ॅबीचे पाद्री जेम्स पोर्टर यांना फाशी दिले. त्यानंतर पाच वर्षांत, १८०३ मध्ये, ब्रिटिश मंत्री कॅसलरे यांच्या पुढाकाराने दानाची पुनर्रचना झाली. रक्कम भरपूर वाढली. पण आता मंडळींचे तीन वर्ग पाडले: १००, ७५ आणि ५० पौंड. पैसा सभेला एकत्र न जाता ज्याचा त्याला. आणि घेणाऱ्याने राजनिष्ठेची शपथ घेतल्याचा मॅजिस्ट्रेटांचा दाखला हवा.

सरकारी कारभार आतून पाहिलेल्या माणसाला हे रचनाकौशल्य लगेच दिसते. एकगठ्ठा अनुदान संस्थेला बळ देते, वैयक्तिक अनुदान संस्थेतल्या माणसांना वेगवेगळे करते, आणि वर्गवारी त्यांना एकमेकांच्या ताटात डोकवायला लावते. कॅसलरेचे घराणे मूळचे प्रेस्बिटेरियनच होते, त्यामुळे कुठली नस दाबायची हे त्यांना ठाऊक असणार. मंडळी वर्गवारीवर कुरकुरली आणि पैसे घेतले.

डेरीचे पाद्री रॉबर्ट ब्लॅक हे या दानाचे वाटपदार. सरकार आणि पाद्री यांच्यामधला माणूस. दोन्हीकडून बोलणी खाणारी ती खुर्ची मी ओळखतो. १८१७ च्या डिसेंबरात त्यांनी डेरीच्या पुलावरून नदीत उडी टाकून जीव दिला. कारणांबद्दल तक्त्यात काही लिहिणार नाही.

सिसेडरांनाही १८०९ मध्ये असेच वर्ग पाडून देऊ केले, थोडे कमी: ७०, ५० आणि ४०. बहुतेकांनी घेतले. किलेगचे जेम्स ब्राइस यांनी नाकारले आणि वेगळे झाले. माझ्या अख्ख्या तक्त्यात 'नाही' म्हणणाऱ्यांच्या ओळी अगदी मोजक्या, म्हणून त्यांना हिरवा रंग दिला.

१० जून

नवा रकाना: 'अट'. काल रात्री लक्षात आले की अर्जदार 'हक्क' लिहितो आणि सरकार 'अट' लिहिते. 'गरज' रकाना दोघेही रिकामा सोडतात. पाद्री खाऊनपिऊन सुखी होते असे नाही. पण अर्जात गरज लिहिली की ती भीक होते, आणि भीक एका वर्षापुरती मिळते.

२१ जून

ऑस्ट्रेलिया. जॉन डनमोर लँग, जन्म १७९९, स्कॉटलंडचे ग्रीनॉक. सिडनीत १८२३ च्या मे महिन्यात उतरले आणि त्याच वर्षी गव्हर्नर थॉमस ब्रिस्बेनकडे चर्चच्या इमारतीसाठी मदत मागितली. ब्रिस्बेन स्वतः स्कॉट. त्यांनी नकार तर दिलाच, वर टोमणेही मारले. आधी आपली पात्रता दाखवा, मग या, असा एकूण सूर.

लँगनी त्रुटी-पूर्तता केली नाही. १८२४ मध्ये जहाजात बसून थेट लंडनला गेले. वसाहतमंत्री लॉर्ड बॅथर्स्टनी गव्हर्नरला खडसावले, इमारतीच्या खर्चाचा तिसरा हिस्सा मंजूर केला आणि लँगना वर्षाला ३०० पौंड लावले. बेलच्या तिप्पट! लँग १८२६ मध्ये परतले आणि त्याच वर्षी स्कॉट्स चर्च उघडले. मला हा माणूस आवडत नाही, पण माझ्या टेबलावर त्याचा अर्ज आला असता तर मी तो सर्वांत वर ठेवला असता, लवकर जावा म्हणून.

न्यू साउथ वेल्समध्ये १८३६ च्या कायद्याने हा प्रश्न कॅनडापेक्षा साध्या पद्धतीने सोडवला. अँग्लिकन, कॅथलिक, प्रेस्बिटेरियन, सगळ्यांना एकच निकष. शंभर प्रौढ येत असतील तर पाद्र्याला १०० पौंड, दोनशेला १५०, पाचशेला २००. माणसे मोजा, पैसे घ्या. कोण सरकारी आणि कोण नाही ही चर्चाच बंद. आणि लँग? त्यांनी १८४२ मध्ये सरकारी पैसा घेणे चुकीचे आहे असे जाहीर करून तो सोडला. एकोणीस वर्षांत अर्जदाराचे विरोधी पक्षनेते. त्यांच्या ओळीचा अर्धा भाग हिरवा.

२८ जून

मुंबई विसरणार होतो. १८१३ मध्ये कंपनीची सनद नव्याने झाली, कलकत्त्याला अँग्लिकन बिशप नेमायचे ठरले, तेव्हा स्कॉटलंडच्या चर्चनेही आपले माणूस लावून घेतले: प्रत्येक इलाख्यात एक पाद्री, पगार कंपनीचा. मुंबईला १८१५ मध्ये जेम्स क्लो आले. फोर्टमध्ये लायन गेटसमोर उभे असलेले सेंट अँड्र्यूज चर्च १८१९ चे. काळ्या घोड्याला जाताना कितीदा त्यावरून गेलो असेन! क्लो पुढे निवृत्त होऊन ऑस्ट्रेलियाला गेले आणि १८३७ मध्ये मेलबर्नच्या पहिल्या प्रेस्बिटेरियन पाद्र्यांत गणले गेले. म्हणजे माझ्या तक्त्यात मुंबईची आणि ऑस्ट्रेलियाची ओळ एका माणसाने जोडलेली आहे.

कलकत्त्याचे पाद्री जेम्स ब्राइस आयर्लंडच्या ब्राइसांपेक्षा वेगळे. हे आणि बिशप मिडलटन एकाच जहाजातून आले आणि नंतर चर्चच्या शिखरावरून त्यांचे जुंपले. शिखर फक्त अँग्लिकन चर्चला, असे बिशपांचे म्हणणे. ब्राइसनी शिखर बांधले आणि वर कोंबडा बसवला, बिशपांच्या डोक्यावर आरवायला, असे सांगतात. मागणी पैशाची असो वा शिखराची, भांडण त्याच कोऱ्या जागेवरून.

त्याच वेळी पुण्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, हेही स्कॉट, पेशव्यांच्या दक्षिणेचे काय करायचे यावर टिपणे लिहीत होते. दक्षिणा पूर्ण बंद केली नाही. त्यातल्याच पैशांतून १८२१ मध्ये पुण्याची संस्कृत पाठशाळा निघाली. मुंबईत पाद्र्याचा पगार, पुण्यात शास्त्र्यांची दक्षिणा, आणि तिजोरी एकच. तिथेही प्रश्न होता तो नव्या सरकारचे आणि जुन्या मान असलेल्यांचे कसे जमवायचे हाच. पुण्यावर एक स्लाइड पुरे, नाहीतर कट्ट्यावरची मंडळी तिथेच अडकतील.

१२ जुलै

अपर कॅनडाकडे परत. यॉर्कचे, म्हणजे टोरंटोचे, अँग्लिकन पुढारी जॉन स्ट्रॅकन यांनी १८२७ मध्ये लंडनला एक तक्ता दिला: कोणत्या पंथाचे किती पाद्री. त्यात स्कॉटलंडच्या चर्चचे पाद्री अवघे दोन दाखवले. तक्ता बाहेर फुटला आणि गदारोळ झाला. विधानसभेने १८२८ मध्ये समिती नेमून साक्षी काढल्या. स्ट्रॅकन मूळचे अ‍ॅबर्डीनचे. अँग्लिकन दीक्षा घेण्याआधी मॉन्ट्रियलच्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या जागेबद्दल त्यांनी स्वतः चौकशी केली होती. हे विरोधक त्यांना विसरू देत नसत.

आकड्यांबद्दल एक कबुली. स्ट्रॅकननी खोटे मोजले असे सरसकट म्हणता येत नाही. त्यांनी व्याख्या अशी घेतली की बेल, स्मार्ट वगैरे गाळले जावेत. लाभार्थ्यांची यादी लहान करायची असेल तर माणसे खोडावी लागत नाहीत, व्याख्या घट्ट करावी लागते. हे मी स्वतःही केले आहे, वरून तोंडी आदेश आल्यावर.

दुसऱ्या बाजूने पर्थचेच व्यापारी आणि आमदार विल्यम मॉरिस स्कॉटलंडच्या चर्चचा दावा लढवत होते. थोडा पैसा मिळालाही. १८२६ च्या सुमारास सरकारी जमिनी विकत घेणाऱ्या कॅनडा कंपनीकडून सरकारला येणाऱ्या रकमेतून स्कॉटलंडच्या चर्चच्या पाद्र्यांना वर्षाला ७५० पौंड आणि तितकेच कॅथलिकांना. १८३० मध्ये वसाहतमंत्री जॉर्ज मरे यांनी सुचवले की सगळ्या प्रेस्बिटेरियनांनी एक सभा करावी, म्हणजे सरकारला एकाशीच व्यवहार करता येईल. आयर्लंडच्या बरोब्बर उलटे! तिथे फोडायचे होते, इथे एका खिडकीवर आणायचे होते. १८३१ मध्ये किंग्स्टनला स्कॉटलंडच्या चर्चची सभा स्थापन झाली, बेल-स्मार्ट गटाने आपली वेगळी सभा त्याच वर्षी केली. एक खिडकी सांगितली, दोन रांगा लागल्या. दोन्ही सभा एकत्र आल्या त्या १८४० मध्ये.

२० जुलै

शेवटचा भाग भराभर. १८३६ च्या जानेवारीत जाता जाता गव्हर्नर कोलबोर्न यांनी ४४ अँग्लिकन चर्चना जमिनी तोडून दिल्या. प्रेस्बिटेरियन खवळले, १८३७ मध्ये मॉरिस लंडनला गेले. १८४० च्या कायद्याने उत्पन्नाचा अर्धा भाग इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या चर्चना दोनास एक या प्रमाणात, उरलेला इतरांना. १८५४ मध्ये राखीव जमीन चर्चकडून काढून घेतली. पण ज्या पाद्र्यांचे वर्षासन चालू होते त्यांचा हक्क तहहयात राखला. वारसाला नाही, हयात धारकाला आहे. आपल्याकडच्या इनाम खालसा करण्याच्या प्रकरणांत हेच कलम असते.

किंग्स्टनचा बेत रद्द झाला. नातवाला ताप.

३ ऑगस्ट

घरच्यांसमोर तालीम. पंचावन्न मिनिटे झाली. मुलीने पहिला प्रश्न विचारला, "बाबा, लोकांना यात काय हवं होतं? पाद्र्यांचं कळलं. शेतकऱ्याचं?"

तक्त्यात शेतकऱ्याचा रकाना नाही. नायगाराच्या अर्जावर सह्या रहिवाशांच्या होत्या, पाद्र्याच्या नव्हत्या, हे मी सांगितले. पर्थच्या लोकांनी पाद्री स्वतः मागितला, हेही. लग्न लावायला, मूल पुरायला कोणीतरी हवे. १७९८ च्या इथल्या कायद्याने प्रेस्बिटेरियन पाद्र्याला लग्न लावण्याचा अधिकार मिळवायचा तर न्यायालयात मंडळीतले सात सभासद सोबत न्यावे लागत. जंगलातून सात माणसे, दिवसभराची मजुरी बुडवून. मुलगी म्हणाली, "मग हे भाषणात घाला ना, आणि तो शिखराचा कोंबडा काढा."

कोंबडा राहील. सात माणसे आत आली. एल्फिन्स्टन गेले.

९ ऑगस्ट

उद्या भाषण. तक्त्याच्या पंचवीस प्रती काढल्या, ए-तीन कागदावर. 'गरज' रकाना शेवटी काढून टाकला. पाचच ओळींत काही होते, ते 'शेरा'मध्ये हलवले. बेथ्यूनच्या ओळीखाली बारीक अक्षरात कोटणीस.

बेलची ओळ अजून पिवळीच होती. व्याख्येत अपात्र, पगारपत्रकात हजर, शेवटी स्वतःहून पात्र गटात दाखल. जावईबापू म्हणाले, "काढूनच टाका, गोंधळ होईल." ज्याच्यामुळे ही वही सुरू झाली त्याला कसे काढणार? शेरा रकान्यात कार्यालयातल्या सवयीने लिहिले: नियमात बसत नाही, चालू ठेवावे.